‘शून्य लॉक केलं की फक्त एसटीडी बंद’ हे आता खरं नाही

नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ईपीएबीएक्स (कारखान्यातल्या फोनांचं अंतर्गत एक्स्चेंज) बसवताना जुना सल्ला अजून ऐकू येतो: एक्स्टेंशनवर (त्यातल्या एकेका फोनवर) शून्य लॉक करा, म्हणजे शून्याने सुरू होणारे नंबर अडवा; एसटीडी (बाहेरगावचे कॉल) बंद, लोकल चालू. (बाहेरची लाइन घ्यायला दाबतो ते शून्य वेगळं, हे त्यानंतरचं.) पण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावायचा तर आधी शून्य लावावंच लागतं, मग तो शेजारच्या गाळ्यातला का असेना. शून्य अडवलं की स्टोअरमधल्या माणसाला गेटबाहेर ट्रक घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरलाही फोन लावता येत नाही.

पुढचा एक आकडा बघूनही भागत नाही. ०७ ने मोबाइल सुरू होतात, तसा नागपूरचा ०७१२ सुद्धा. म्हणून अडवायच्या-सोडायच्या नंबरांचा तक्ता एसटीडी कोड पूर्ण होईपर्यंत भरा. परदेशी कॉलची गरज नसेल तर ०० सरळ बंद ठेवा.

आणीबाणीचा नंबर ११२ मात्र कुठल्याच एक्स्टेंशनवर अडवू नका. रात्रपाळीच्या वॉचमनच्या फोनवरूनही तो लागलाच पाहिजे, लाइन घ्यायचा आकडा आधी दाबला तरी आणि न दाबला तरी.