काढ्यातला ज्येष्ठमध आणि न उतरणारं ब्लडप्रेशर

‘झाडपाल्याचं औषध आहे, गुण नाही आला तरी अपाय तरी होणार नाही.’ हे वाक्य पुण्यात जितक्या सहज ऐकू येतं तितक्याच सहज लॉस एंजेलिसच्या कोरियाटाउनमध्येही. तिथे त्याची किंमत बऱ्याचदा मूत्रपिंडं मोजतात.

अमेरिकेत 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत कोरियन कुटुंबं मोठ्या संख्येने तिथे गेली. अनेकांनी ड्रायक्लीनिंगची किंवा किराण्याची दुकानं काढली. स्वतःचा धंदा असल्यामुळे नोकरीसोबत मिळणारा आरोग्यविमा नव्हता. मग डॉक्टरकडे जाणं लांबवायचं, रक्तदाबाची गोळी ‘एकदा लागली की जन्मभर’ म्हणून टाळायची आणि हानयाक म्हणजे कोरियन पद्धतीचा काढा घ्यायचा, ही सवय पडली. पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळाला, गोळ्याही सुरू झाल्या. काढा मात्र सुटला नाही. यात बेकायदा काही नाही. कॅलिफोर्नियात ॲक्युपंक्चरचा परवाना असलेला वैद्य वनौषधी देऊ शकतो आणि त्या परवान्याची परीक्षा कोरियन भाषेतही देता येते. पंचाईत अशी, की गोळी आणि काढा यांची नोंद कुठल्याही एका कागदावर नसते.

औषध चालू असून दाब उतरत नाही, तेव्हा सूपमधलं मीठ, कामाचा ताण, इंग्रजीची अडचण ही कारणं पुढे येतात. तिन्ही खरी आहेत. चौथ्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं: गामचो, म्हणजे आपला ज्येष्ठमध. सगळीकडे हजर असणाऱ्या माणसाला कोरियन लोक ‘औषधांच्या दुकानातला गामचो’ म्हणतात, कारण इतर औषधांचा कडूपणा आणि तीव्रता कमी करायला तो असंख्य काढ्यांत पडतो.

आता मूत्रपिंडात शिरू. गाळलेल्या द्रवातलं किती सोडियम रक्तात परत घ्यायचं, याचा शेवटचा निर्णय मूत्रनलिकांच्या टोकाकडच्या भागात होतो. तिथल्या पेशींमध्ये एक ग्राही (रिसेप्टर), म्हणजे संप्रेरक जिथे चिकटतं ती जागा असते. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक त्याला चिकटलं की पेशीच्या पृष्ठभागावर सोडियमच्या वाहिन्या वाढतात. सोडियम आत येतं, मागोमाग पाणी येतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे जातं. गंमत अशी की कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरकही याच ग्राहीला तेवढ्याच घट्टपणे चिकटू शकतं, आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनपेक्षा शेकडो पटींनी जास्त असतं. मग आपण सगळे सदैव फुगलेले का नसतो? कारण या पेशींच्या दारावर एक राखणदार बसलेला आहे. 11-बीटा-एचएसडी-2 नावाचं हे विकर (एन्झाइम) आत शिरणाऱ्या कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन त्या ग्राहीला चिकटत नाही.

ज्येष्ठमधाची गोडी ज्या ग्लिसिरायझिनमुळे येते, त्याचं आतड्यातले जिवाणू ग्लिसिरेटिनिक आम्ल बनवतात. हे आम्ल नेमकं त्या विकरालाच बंद पाडतं. राखणदार झोपला की कॉर्टिसॉल आत घुसतं आणि अल्डोस्टेरॉनची गादी बळकावतं. सोडियम साठतं, दाब चढतो, पोटॅशियम घसरतं. तपासणीत मात्र रेनिन (अल्डोस्टेरॉन बनवायला लावणाऱ्या साखळीची सुरुवात करणारं, मूत्रपिंडातलं विकर) आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी दिसतात. अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखी सगळी लक्षणं आणि रक्तात अल्डोस्टेरॉन मात्र कमीच, असा हा पेच असतो.

प्रमाण किती? नेहमीच्या सेवनासाठी युरोपातल्या तज्ज्ञ समितीने दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही वरची मर्यादा सुचवली आहे. मुळीत ते 3 टक्के धरलं, तर 4 ग्रॅम ज्येष्ठमधात 120 मिलिग्रॅम झालं. उकळताना सगळं उतरत नाही हे खरं, पण काढा पंधरा-पंधरा दिवस रोज घेतला जातो. पायात गोळे येतात म्हणून देतात त्या जाक्याक-गामचो-तांगमध्ये तर ज्येष्ठमध हा दोनपैकी एक घटक आहे. पोटॅशियम कमी झाल्यानेही स्नायू दुखतात, गोळे येतात; मग रुग्ण तोच काढा वाढवतो.

दुसरं दुष्टचक्र गोळीपासून सुरू होतं. एनालाप्रिलसारख्या एसीई-रोधक गटातल्या रक्तदाबाच्या औषधांनी येणारा कोरडा खोकला पूर्व आशियाई लोकांमध्ये जास्त आढळतो. खोकल्यावर काढा, काढ्यात गामचो, दाब वर, डॉक्टर डोस वाढवणार किंवा लघवी वाढवणारी थायझाइडची गोळी जोडणार. थायझाइडही पोटॅशियम घालवते. रक्तात 3.5 (मिलिमोल प्रति लिटर) या खालच्या मर्यादेच्या खूप खाली गेलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. खोकला गोळीमुळे आहे हे सांगितलं असतं तर दाबाचंच, पण लोसार्टानच्या गटातलं औषध देऊन प्रश्न सुटला असता.

म्हणून डॉक्टरकडे जाताना फक्त गोळ्यांची यादी नेऊन भागत नाही. काढ्याची पाकिटं, कोरियन किराणा दुकानातली थकव्यावरची सांघ्वातांगची बाटली (तिच्यातही गामचो असतो), लाल जिनसेंगचा अर्क, सगळं पिशवीत घालून न्यावं. जिनसेंग रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या कामात ढवळाढवळ करू शकतो. ‘रक्त स्वच्छ करणारा’ कांद्याचा रस पाकिटबंद मिळतो. त्याने दाबाची गोळी सुटेल ही आशा मात्र पाकिटापुरतीच. काढा बंद केल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी फरक शोधू नये. विकर पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागू शकतात. पोटॅशियम कधी पुन्हा तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

याच काळात मीठ कमी केलं तर दुप्पट उपयोग, कारण साठवायला सोडियमच कमी मिळतं. कोरियन जेवणात सर्वांत सोपा उपाय म्हणजे सूपमधल्या भाज्या, टोफू खायचे आणि रस वाडग्यात ठेवायचा. चमचाभर देंजांगमध्येच, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या पेस्टमध्ये, 600 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं.

घरी दाब मोजतानाची एक खास चूक: जमिनीवर मांडी घालून, हात गुडघ्यावर टेकवून मोजणं. पट्टा हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली असला तर आकडा 7-8 ने जास्त येतो, पायावर पाय असल्याने आणखी वाढतो. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीत. सकाळी गोळीआधी आणि रात्री, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं 7 दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ती 135/85 च्या आत हवी. बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातल्या कोरियन लोकांसाठी मियाँग किम यांच्या गटाने जो कार्यक्रम आखला, त्यात अशी घरची मोजणी, 6 आठवड्यांचे वर्ग आणि कोरियन बोलणाऱ्या नर्सचे नियमित फोन होते. काढ्याचा विषय निघतो तो अशा फोनवर. पंधरा मिनिटांच्या इंग्रजी भेटीत तो निघणं कठीण.

आपल्याकडे खोकल्यावर दोन दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळली तर घाबरण्याचं कारण नाही. दाबाची गोळी चालू असताना रोजच्या काढ्यात तो असेल, तर पोटॅशियम तपासून घ्यावं.