चकती चालतेय तोवरच उतरवून घ्या

डीव्हीडी प्लेयरमध्ये सरकवली, चित्र आलं, आवाज आला, की चकती ठणठणीत आहे असं समजून आपण ती पुन्हा डबीत ठेवून देतो. या तपासणीतून कळतं ते इतकंच, की चकती अजून मेलेली नाही. तिची तब्येत कशी आहे हे त्यातून कळत नाही, कारण तिचं झिजणं आपल्या नजरेआड ठेवण्याची सोय तिच्या रचनेतच केलेली आहे. घरगुती चित्रीकरणाच्या आणि सिनेमांच्या चकत्या हार्ड डिस्कवर उतरवायचं काम वर्षानुवर्षं मागे पडतं, त्याला आळस कारणीभूत आहेच, पण ही सोयही तितकीच.

डीव्हीडीवरची माहिती एका सलग सर्पिल वाटेवर बसवलेली असते. वाटेच्या शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर. १२ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीवरची ही वाट उलगडून सरळ केली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल. छापील चकतीत या वाटेवर सूक्ष्म खड्डे असतात. सगळ्यांत आखूड खड्ड्याची लांबी ०.४ मायक्रोमीटर. लाल लेझरच्या ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिशेब धरून खड्ड्यांची खोली ठरवलेली असते. त्यामुळे खड्ड्यातून परतणारे आणि भोवतालच्या सपाटीवरून परतणारे तरंग एकमेकांना मारतात आणि परतीचा उजेड मंदावतो. खड्डा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते बरोबर नाही. खड्डा जिथे सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक. मधला सगळा भाग, मग तो खड्ड्याचा असो की सपाटीचा, शून्यांचा. ब्लू-रेमध्ये हेच सगळं आणखी बारीक होतं: ४०५ नॅनोमीटरचा लेझर, ०.३२ मायक्रोमीटरचं अंतर. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात, तर ब्लू-रेच्या एका थरात २५.

आता ओरखड्यांचं पाहू. डीव्हीडी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पातळ चकत्या चिकटवून केलेली असते आणि माहितीचा थर मधोमध असतो. लेझरचा झोत त्या थरावर एका बिंदूत येतो, पण वरच्या पृष्ठभागातून आत शिरताना तो चांगला अर्धा मिलिमीटर रुंद असतो. खिडकीबाहेरच्या झाडावर नजर लावली की काचेवरचा डाग विरून जातो, तसा पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा या झोताला फारसा जाणवत नाही. जाडजूड ओरखडा मात्र जाणवतो. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लाखेखालीच असल्यामुळे चमकत्या बाजूपेक्षा नावाच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक ठरतो.

तरीही ज्या चुका वाचताना होतात, त्या निस्तरायचं काम गणिताकडे असतं. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत. डीव्हीडीवर ती अशी वापरली जाते: माहितीचे १६ तुकडे एकत्र करून १७२ बाइट रुंद आणि १९२ ओळी उंच असा तक्ता मांडतात. प्रत्येक ओळीला हिशेबाने काढलेले १० जास्तीचे बाइट जोडतात आणि वर १६ जास्तीच्या ओळी घालतात. म्हणजे चकतीवर लिहिलेल्या तक्त्यातला साधारण आठवा हिस्सा सिनेमाचा नसतो, तो दुरुस्तीचं सामान असतो. एका ओळीत पाच बाइटपर्यंत चुका असल्या तर ओळ स्वतःच सावरते. अख्खी ओळ हाताबाहेर गेली तर उभे स्तंभ मदतीला येतात, आणि अशा १६ ओळी सपशेल नाहीशा झाल्या तरी त्या पुन्हा उभ्या करता येतात. वाटेवर मोजलं तर हे सुमारे ६ मिलिमीटरचं नुकसान झालं. ते झालं होतं हे बघणाऱ्याला कळतही नाही, कारण दुरुस्त होऊन आलेला बाइट मूळ बाइटच असतो.

मला ही रचना विलक्षण देखणी वाटते, आणि तीच घात करते. चकती म्हातारी होत जाते तशा चुका वाढतात, गणित त्या निस्तरत राहतं, चित्र अगदी पहिल्या दिवसासारखं दिसतं. मग एका तक्त्यात सतराव्या ओळीचा बळी जातो आणि तो ३२ केबींचा तुकडा एकदम हातचा जातो. आधी चित्र फिकटलं, आवाज खरखरला, असं काही होत नाही. पडद्यावर एकाएकी चौकटी उमटतात, नाहीतर चित्र गोठतं.

झिजते कोण आणि कशी? कारखान्यात छापलेल्या चकतीत खड्डे प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात आणि त्यावर बहुधा ॲल्युमिनियमचा आरशासारखा थर असतो. कडेने हवा आणि दमटपणा शिरला तर तो थर गंजतो. घरी भरलेल्या डीव्हीडी-आरमध्ये खड्डेच नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा थर लेझरने जाळून खुणा केलेल्या असतात, आणि रंग उजेडाने, उष्णतेने उडतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या चकत्यांमध्ये मिश्रधातूची अवस्था बदलून खुणा करतात. यांपैकी चिंता सर्वांत जास्त रंगवाल्या चकत्यांची, म्हणजे लग्न, बारसं, मुलांची पहिली पावलं ज्यांवर आहेत त्यांची. त्यांची दुसरी प्रत दुकानातही मिळणार नाही.

विकत आणलेल्या सिनेमांच्या चकत्यांवर बहुधा कुलूप असतं: डीव्हीडीवर ४० बिटांच्या किल्लीचं सीएसएस, ब्लू-रेवर एएसीएस. सीएसएस १९९९ मध्येच फुटलं. पण चकती स्वतःच्या मालकीची असली तरी कुलूप उघडणं कायदेशीर आहे का, याचं उत्तर देशागणिक बदलतं. ते आपापल्या देशापुरतं आधी पाहून घ्यावं. घरच्या चित्रीकरणाला हा प्रश्न नाही.

उतरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर बरेच जण गोंधळतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी चकतीची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल घ्यावी, बाकीचं नंतर. डीव्हीडी उघडून पाहिली तर आत एक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइल दिसतात, त्यांत चित्र-आवाज असतो. शेजारच्या आयएफओ फाइलमध्ये कुठला भाग कुठे आहे याचा नकाशा, आणि त्या प्रत्येक नकाशाची बीयूपी नावाची जुळी प्रत चकतीवर वेगळ्या जागी. ज्यांनी ही मांडणी ठरवली त्यांना स्वतःलाच चकतीचा भरवसा नव्हता, असं म्हणायला हरकत नाही. सुट्या फाइल उचलल्या की या मांडणीतलं काहीतरी मागे राहतं. प्रतिमेत सगळं येतं, मेनूसकट.

चित्र-आवाज न बदलता नुसता एमकेव्ही या फाइल-प्रकाराच्या वेष्टनात भरून ठेवणंही चालतं. पण जागा वाचवायला नव्याने दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवणं म्हणजे मूळ माहिती कायमची टाकून देणं. घरच्या चित्रीकरणात याचा फटका चांगलाच बसतो. जुन्या कॅमेऱ्यांची चित्रं बहुधा विणलेली असतात: सेकंदाला २५ पूर्ण चित्रं दिसत असली तरी प्रत्येकात सम ओळी एका क्षणाच्या आणि विषम ओळी १/५० सेकंदानंतरच्या. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला जे कंगव्यासारखे दाते दिसतात ते यामुळेच. रूपांतर करणारी प्रणाली हे दाते ‘साफ’ करताना अनेकदा निम्मे क्षण फेकून देते, आणि धावणारं मूल जरा अडखळत धावू लागतं. फोनवर बघायला अशी प्रत खुशाल करावी, पण मूळ प्रतिमेला हात लावू नये.

वेळ किती लागतो? एकपट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, त्या हिशेबाने भरलेली ४.७ जीबीची चकती तासाभराचं काम. ड्राइव्हवर लिहिलेला १६ पट वेग फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. वाचन आतून बाहेर जातं आणि चकती एकाच गतीने फिरवली तर आतल्या छोट्या वेढ्यांवर लेझरखालून कमी वाट सरकते.

वाचताना अडलं तर चकती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसताना चरा पडला तर तो वाटेच्या दिशेनेच पडतो आणि सलग ओळी खातो. आडवा चरा प्रत्येक वेढ्याला ओझरता शिवतो. मग वेग कमी करून, आणि तेही जमलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पाहावं. जीएनयू डीडीरेस्क्यू ही मोफत प्रणाली इथे फार कामाची. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद एका फाइलमध्ये ठेवते आणि शेवटी तेवढ्याच जागांशी झटते. तीच नोंद घेऊन चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकली तर पहिल्याला न दिसलेले तुकडे कधी कधी दुसऱ्याला दिसतात.

हार्ड डिस्कवर आल्यावर जागेची चिंता मिटते: ४ टीबीमध्ये एका थराच्या भरलेल्या साडेआठशे डीव्हीडी मावतात, किंवा एका थराच्या १६० ब्लू-रे. पण मरणाची तऱ्हा बदलते. चकत्या एकेक करून जातात, हार्ड डिस्क सगळा संग्रह घेऊन जाते. आत वाचणारं टोक फिरत्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि एक घसट पुरते. आधी इशारा मिळेल या भरवशावर राहू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तिच्यातल्या चार सर्वांत बोलक्या खुणांपैकी एकही बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये दिसली नव्हती. म्हणून दोन हार्ड डिस्क, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. एकाच पेटीत दोन डिस्क जोडून एकीचं प्रतिबिंब दुसरीवर ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे; चुकून पुसलेली फाइल तिथे दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते.

हार्ड डिस्कमध्येही चुका निस्तरणारं गणित आहे, म्हणजे लपवाछपवी इथेही आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रतिमेचा ठसा काढून ठेवणं. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाइलपासून ६४ अक्षरांची ओळ बनवते आणि फाइलमधला एक बिट जरी उलटला तरी त्या ओळीतले साधारण निम्मे बिट बदलतात. चकती दोनदा वाचावी. ठसे जुळले तर वाचन पक्कं. ते ठसे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रतिमांसोबत दोन्ही डिस्कवर ठेवावेत आणि वर्षातून एकदा सगळे पुन्हा काढून ताडून पाहावेत. न वाचलेला भाग खराब झाला आहे हे डिस्कलाही ठाऊक नसतं. एकीकडचा ठसा चुकला तर दुसरीकडून ती फाइल आणता येते, दोन्हीकडे एकदमच चुकेपर्यंत थांबलं नाही तर.

उतरवून झालेल्या चकत्या फेकू नयेत. डब्यांत उभ्या, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवल्या तर ती आयतीच तिसरी प्रत होते, आणि संगणकात शिरलेला विषाणू छापील चकतीवर काहीही लिहू शकत नाही. चालू ड्राइव्हही जपून ठेवावा. सोनीने कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं, आणि नव्या लॅपटॉपमध्ये चकतीची खाच आता सहसा नसतेच. सुरुवात घरी भरलेल्या, त्यांतही सर्वांत जुन्या चकत्यांपासून करावी. छापील सिनेमे रांगेत मागे उभे राहिले तरी चालतील.