जप्तीचा नमुना : काटा, मोहोर आणि मॅजिस्ट्रेट

इंदूर, रतलाम, मंदसौर, नीमच या पट्ट्यातल्या अमली पदार्थांच्या खटल्यांत बचावाचा वकील पदार्थावर फारसा वाद घालत नाही. तो विचारतो, नमुना कुठे काढला, कुणासमोर काढला आणि प्रयोगशाळेत उघडलेली पुडी तीच होती का. राज्य पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी शाखेचे काम आणि प्रयोगशाळेतल्या विश्लेषकांचे काम या एका पुडीवर जोडलेले आहे. ती पुडी कुणी भरायची, यावर गेली चाळीस वर्षे नियम बदलत आले.

माळव्यात अफूच्या वजनाला महत्त्व त्याआधीपासूनचे. पीक होळकर-शिंद्यांच्या मुलखात असल्याने कंपनी सरकारचा हात शेतापर्यंत पोचत नव्हता. म्हणून १८३०च्या सुमारास मुंबई बंदराकडे जाणाऱ्या मालावर पास-कर बसवला गेला. पेटी सुमारे १४० पौंडांची. इंदूरच्या काट्यावर ती चढायची आणि कर भरला की पुढे जायची. १८४३मध्ये सिंध इंग्रजांनी घेतल्यावर कराचीची आडवाट बंद झाली आणि पेटीमागे १२५ रुपये असलेला कर १८४७पर्यंत ४००वर गेला. १८५७ आणि १८७८चे अफू कायदेही महसुलाच्या अंगाने लिहिलेले. रासायनिक परीक्षक तेव्हाही होते, पण त्यांच्या टेबलावर मुख्यतः विषप्रयोगाचा व्हिसेरा यायचा.

चित्र बदलले ते १४ नोव्हेंबर १९८५ला लागू झालेल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने. आणि खरा गुंता सुरू झाला १९८९मध्ये.

त्या वर्षी कायद्यात कलम ५२-अ घातले गेले. उद्देश साधा होता. मालखान्यांत माल साचतो, चोरीला जातो, बदलला जातो, सडतो. तेव्हा खटला संपायची वाट न पाहता तो नष्ट करता यावा. त्यासाठी अधिकाऱ्याने यादी करायची, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज द्यायचा, त्यांच्यासमोर फोटो आणि नमुने काढायचे, मॅजिस्ट्रेटने प्रमाणित करायचे. पुढे तीच यादी, तेच फोटो आणि तेच नमुने न्यायालयात प्राथमिक पुरावा. म्हणजे कलम मुळात विल्हेवाटीचे. पण त्याच वर्षीच्या जून महिन्यात निघालेल्या केंद्राच्या स्थायी आदेशाने, क्रमांक १/८९, नमुना जप्तीच्या जागीच, पंच आणि आरोपी यांच्यासमोर काढायला सांगितले. एकाच वर्षातली ही दोन कागदपत्रे पुढची २७ वर्षे शेजारी शेजारी नांदली.

पोलिसांनी आदेश पाळला, कारण तो हातात घेऊन काम करता येत होते. अफू, गांजा, चरस असेल तर २४ ग्रॅम, बाकी पदार्थ ५ ग्रॅम, प्रत्येकी दोन सारखे नमुने. नमुना उष्णतेने बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कागदी पाकिटात, वर लाखेची मोहोर. मोहोरेचा ठसा वेगळ्या कागदावर घेऊन तो चाचणीपत्रासोबत जायचा. नमुना तेव्हा ७२ तासांत प्रयोगशाळेकडे रवाना करावा लागे. प्रयोगशाळा आधी ठसा जुळवते, मोहोर अखंड आहे का ते नोंदवते, मग पुडी उघडते. आपल्याकडची अफू ओली आणि चिकट. प्लास्टिक नीट बंद झाले नाही तर ती कागदात झिरपते, पाकीट पोचेपर्यंत वजन घटते, आणि पंचनाम्यातला आकडा व अहवालातला आकडा जुळत नाही. फरक नुसत्या ओलाव्याचा असतो, पण उलटतपासणीत त्याचा अर्थ ‘पुडी बदलली’ असा लावला जातो. विश्लेषकाने नमुन्याची स्थिती, ओली की वाळलेली, अहवालात लिहिली असेल तर हा मुद्दा पाच मिनिटांत संपतो.

सर्वांत जास्त खटले ढासळले ते पुड्या एकत्र मिसळण्यावरून. एकसारख्या आकाराच्या, वजनाच्या आणि खुणांच्या पुड्या असतील आणि प्रत्येकीची रंगचाचणी सारखीच आली, तरच दहा-दहांचा गट करता येतो. गांजा आणि चरस असेल तर चाळीसचा. क्रम महत्त्वाचा: आधी प्रत्येक पुडीची वेगळी चाचणी, मग गट, मग प्रत्येक पुडीतून सारखा भाग घेऊन एकत्र नमुना. घाईत होते उलटे. सगळा माल एका ताडपत्रीवर ओततात, कालवतात आणि त्यातून ५ ग्रॅम उचलतात. समजा ३० ग्रॅमच्या दहा पुड्या ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचे हेरॉइन आहे, एकूण ३०० ग्रॅम. हेरॉइनची व्यापारी मात्रा २५० ग्रॅम. यातल्या दोन पुड्यांत नुसती भुकटी असेल तर खरा माल २४० ग्रॅम, आणि शिक्षा १० ते २० वर्षांच्या खान्यातून १० वर्षांपर्यंतच्या खान्यात उतरते. जामिनाचा कडक अडसरही मुख्यतः व्यापारी मात्रेलाच लागतो. ताडपत्रीवर कालवल्यानंतर त्या दोन पुड्या होत्या की नव्हत्या, हे जगातले कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. विश्लेषकाला दोष देणारे हे विसरतात.

२०१६च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जप्तीच्या जागी नमुना काढण्याची तरतूद कायद्यात नाही. माल ठाण्यात जमा करा, लगेच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज द्या, नमुना त्यांच्यासमोर काढा. निकाल तर्काला धरून होता, तरी ठाण्यांत गोंधळ माजला. काही टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, जुन्याच पद्धतीने जागेवर नमुना काढत राहिले. काहींनी दोन्ही केले: जागेवर एक जोडी, मॅजिस्ट्रेटसमोर दुसरी. हा प्रकार सर्वांत घातक, कारण प्रयोगशाळेत कोणती जोडी गेली हा प्रश्न मग सुटत नाही. दोन नमुन्यांचे दोन वेळचे वजन, दोन मोहोरा, दोन नोंदवह्या, आणि बचावाला आयती फट. २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्याच एका डोडाचुऱ्याच्या (अफूच्या बोंडांच्या चुऱ्याच्या) प्रकरणात ५२-अचे पालन आणि मुद्देमाल हजर करणे, दोन्हीत त्रुटी राहिली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडले.

डिसेंबर २०२२च्या नियमांनी जुना आदेश बाजूला सारला. वजन आणि वर्णन जागेवर, नमुना मॅजिस्ट्रेटसमोर. ग्रॅमचे आकडे तेच राहिले, गटांची पद्धत तीच. प्रयोगशाळेने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा, असेही नियमात आले. कामाचा बोजा पाहता हे कागदावर सोपे आहे. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूर थोडा सौम्य केला: ५२-अ पाळले नाही एवढ्यावरून खटला आपोआप कोसळत नाही, बाकीचा पुरावा विश्वासार्ह असेल तर तो पाहावा. पोलिसांना यामुळे हायसे वाटले. पण ही सवलत आहे, पद्धत नव्हे, आणि तिच्या भरवशावर राहणारा तपास अधिकारी स्वतःच्याच प्रकरणाला धोका देतो.

याच काळात विश्लेषकाच्या आकड्याचा अर्थही दोनदा उलटला. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मिश्रणातला शुद्ध पदार्थ मोजायचा. त्या प्रकरणात चार किलोहून थोडे जास्त हेरॉइन होते, शुद्धता दीड टक्क्याच्या आसपास. मोजणीला उरले सुमारे ६० ग्रॅम. नोव्हेंबर २००९च्या अधिसूचनेने पूर्ण मिश्रणाचे वजन धरायला सांगितले आणि एप्रिल २०२०मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केले. मधल्या काळात प्रत्येक अहवालात टक्केवारी हवी असायची. आता हेरॉइनच्या प्रकरणांत तिचे महत्त्व कमी झाले आहे. अफूची गोष्ट थोडी वेगळी. तिची व्यापारी मात्रा २.५ किलो, आणि ०.२ टक्क्यापर्यंत मॉर्फिन असलेली तयार औषधी अफूच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे अफूचे मिश्रण असेल तर मॉर्फिनचे प्रमाण काढावेच.

डोडाचुऱ्याचा प्रश्न खास माळव्याचा. चिरे देऊन चीक काढल्यावर राहिलेली बोंडे, देठ, भुकटी, सारे त्यात येते. फक्त बी, म्हणजे खसखस, वगळायचे. चाळणी न मारता पोते काट्यावर ठेवले तर खसखशीचे वजनही आरोपीच्या खात्यात जाते, आणि व्यापारी मात्रा ५० किलो असल्याने काठावरच्या पोत्यांत हे चालत नाही. झाड नेमके कुठल्या जातीचे हे सिद्ध करा, असा बचाव वर्षानुवर्षे चालला. ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला: मॉर्फिन आणि मेकॉनिक आम्ल आढळले की पुरे. मेकॉनिक आम्लाला फेरिक क्लोराइड घातले की गडद लाल रंग येतो. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकूनही तो जात नाही, हीच खूण. मॉर्फिनसाठी मार्क्विस अभिकर्मक, जांभळा रंग, मग घटक वेगळे करणारी पातळ थराची क्रोमॅटोग्राफी आणि शक्य तिथे जीसी-एमएस ही यंत्रावरची चाचणी.

या रंगचाचण्या मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थासाठी पुरत नाहीत. फेब्रुवारी २०१५मध्ये तो कायद्याच्या यादीत आला; व्यापारी मात्रा ५० ग्रॅम. ऑक्टोबर २०२४मध्ये भोपाळजवळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा मोठा कारखाना उघडकीस आला. मार्क्विस किटवर याचा ठळक रंग येत नाही. किट नुसते पाहून ‘पदार्थ निगेटिव्ह’ लिहिणारा पंचनामा पुढे अडचणीत आणतो. जागेवर ‘संशयित, प्रयोगशाळेकडे’ एवढेच लिहावे. प्रयोगशाळेतही तुलनेसाठी प्रमाणित नमुना हवा, कारण जवळच्या नात्यातली रसायने एकमेकांसारखी दिसतात.

१ जुलै २०२४पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाणेही त्यात आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुभा दिली आहे. विश्लेषक जागेवर असेल तर पुड्या ताडपत्रीवर कालवल्या जाणार नाहीत, हा मोठा फायदा. आरोपीलाही ते हवे, कारण २०१३च्या निकालानुसार दुसऱ्या नमुन्याची फेरचाचणी अपवादात्मक परिस्थितीतच मिळते, तीही अहवाल हाती आल्यापासून पंधरा दिवसांत मागितली तर.