केंद्रक सोडून गेलेलं प्रथिन

'मोटर न्यूरॉन आजाराचं जनुक सापडलं' ही बातमी अधूनमधून येतच असते. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. पहिलं जनुक, एसओडी१, १९९३ मध्येच सापडलं. पण दहापैकी नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार कुणालाच झालेला नसतो, मग जनुकांची यादी वाढवून त्यांचं कोडं कसं सुटणार?

खरा धागा २००६ मध्ये हाती लागला. सुमारे ९७ टक्के रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ नावाचं प्रथिन भलत्याच जागी दिसतं. एरवी ते केंद्रकात असतं, इथे मात्र केंद्रक रिकामं आणि बाहेर गुठळ्या. एसओडी१ चे रुग्ण हा मोठा अपवाद.

गुठळ्या डोळ्यांत भरतात, पण रिकामं केंद्रक जास्त बोलतं. जनुकाची आरएनए नक्कल, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश, आधी कच्ची असते. त्यातले कामाचे तुकडे (एक्सॉन) ठेवून मधला मजकूर (इंट्रॉन) कापून टाकतात. या मधल्या मजकुरात हुबेहूब एक्सॉनसारखे दिसणारे तोतये लपलेले असतात. यू-जी-यू-जी अशी अक्षरांची माळ दिसली की टीडीपी-४३ तिच्यावर ठाण मांडतं आणि जवळचा तोतया कापणाऱ्या यंत्रणेच्या नजरेआड राहतो. राखणदार गेला की तोतया संदेशात घुसतो.

एसटीएमएन२ या जनुकात तो पहिल्या आणि दुसऱ्या एक्सॉनच्या मध्ये शिरतो, सोबत 'इथे थांबा' ही खूणही आणतो. संदेश तिथेच तुटतो आणि स्टॅथमिन-२ हे प्रथिन बनत नाही. चेतातंतूची डागडुजी त्याच्यावर अवलंबून असते. पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत जाणारा हा तंतू जवळजवळ मीटरभर लांब, तर मूळ पेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी! हे कळायला २०१९ उजाडलं, कारण उंदराच्या एसटीएमएन२ मध्ये हा तोतयाच नाही. मानवी पेशी ताटलीत वाढवल्या तेव्हा तो दिसला.

यूएनसी१३ए या जनुकाची गोष्ट तर आणखी सुरेख. त्यातले काही अक्षरबदल धोका वाढवतात हे २००९ पासून माहीत होतं, का ते उमगत नव्हतं. २०२२ मध्ये कळलं की त्यातला एक बदल थेट तोतया एक्सॉनमध्येच आहे. टीडीपी-४३ कमी पडू लागलं की या बदलांमुळे तोतयाचं आणखी फावतं.

टीडीपी-४३ बाहेर का पडतं, याची उत्तरं अनेक. सी९ओआरएफ७२ या जनुकात जीजीजीजीसीसी हा अक्षरांचा तुकडा एरवी साधारण तीसपेक्षा कमी वेळा असतो, या जनुकात दोष असलेल्या रुग्णांत शेकडो-हजारो वेळा. त्यातून बनणारा कचरा केंद्रकाच्या दारातली ये-जा बिघडवतो. वयाप्रमाणे आजार कसा वाढतो याचं गणित २०१४ मध्ये मांडलं, तेव्हा ते सहा पायऱ्यांशी, म्हणजे आजार होण्याआधी घडाव्या लागणाऱ्या सहा बिघाडांशी, जुळलं. एसओडी१ मधला दोष जन्मतः असेल तर पुढे दोनच पायऱ्या उरतात. म्हणून 'एकच कारण, एकच इलाज' विकणाऱ्यांपासून, विशेषतः स्टेम सेलच्या इंजेक्शनवाल्यांपासून, सावध राहावं. नवी पेशी कण्यात सोडली तरी तिला स्नायूपर्यंत तंतू वाढवत न्यायचा असतो, हे जाहिरातीत नसतं.

२०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं टोफरसेन हे औषध एसओडी१ चा संदेशच नष्ट करतं, म्हणून फक्त त्याच रुग्णांना चालतं. अशीच आरएनएवर चिकटणारी छोटी पट्टी एसटीएमएन२ च्या तोतयावर बसवली, तर ताटलीतल्या पेशींत स्टॅथमिन-२ पुन्हा बनू लागतं. पण पट्टी एकाच जागेची, आणि टीडीपी-४३ ची राखण कितीतरी जनुकांवर.