पॉवरचं टॉनिक, गुडघ्याची पुडी: घ्यायच्या आधी एकदा वाचा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज कुणीतरी विचारतंच, पॉवरची एखादी हर्बल बाटली द्या हो, साइड इफेक्ट नसलेली. आम्ही गोळ्या पण विकतो, काढे-चूर्णं पण विकतो, त्यामुळं कुणा एकाची बाजू घ्यायचं काही कारण नाही, पण झाडपाल्याचं आहे म्हणजे काही होत नाही, हे काय आम्हाला पटत नाही.

झाडपाल्यात गुण आहेच की. सर्पगंधा बघा, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये बीपीच्या पेशंटना ती देऊन काय झालं ते छापलं, पुढं १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे बीपीचं औषध वेगळं काढलं गेलं. चीनमध्ये तू यूयू बाईंनी जुन्या ग्रंथातला तापावरचा पाला घेतला, उष्णतेनं गुण जातो हे ओळखून कमी तापमानात अर्क काढला, त्यातलं आर्टेमिसिनिन आज मलेरियावर जगभर देतात आणि बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं. दोन्हीकडं किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही हे मोजून ठरलं. सुट्या पुडीवर ते कुठं लिहिलेलं असतं?

आता खरी गोष्ट. जडीबुटीनं दोन दिवसात गुडघा एकदम मोकळा झाला तर खूश होऊ नका, संशय घ्या! अशा पुड्यांमध्ये गुपचूप स्टिरॉइड घातलेलं बऱ्याचदा सापडलंय, त्यानं चेहरा सुजतो, शुगर वाढते, आणि बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर जिवावर बेततं. मर्दानी ताकदीच्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, निघतं, आणि ज्या काकांना हृदयासाठी सॉर्बिट्रेट चालू आहे त्यांनी ती घेतली तर बीपी धाडकन खाली येतं. शुगर बरी करतो, ताकद वाढवतो अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच.

कोरोनात गुळवेल घरोघरी प्यायली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद आहे, पण आधीच लिव्हरचं दुखणं असेल तर स्वतःच्या मनानं पिऊ नका.

एनर्जी ड्रिंकचं थोडक्यात, जपानमध्ये १९६२ ला लिपोव्हिटान आलं, मग थायलंड, मग सगळीकडं, पण तरतरी येते ती मुख्यतः कॅफिन आणि साखरेनं. मे महिन्यात पॉवरलूमवरून घामाघूम होऊन येता तेव्हा ओआरएस घ्या, स्वस्त पण पडतं. शुगर-बीपीवाल्यांनी आधी विचारा.

बाटलीवर लायसन नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी बघा, बिल मागा, आमच्याकडं पण मागा. चालू गोळ्यांची स्ट्रिप घेऊन या, काय एकत्र चालत नाही ते सांगतो, पैसे नाहीत त्याचे. आणि काही घेऊन लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले तर ती पुडी फेकू नका, ती घेऊनच डॉक्टरकडं जा.