विमानभाड्याचा तळ

विमानभाड्याला वरची मर्यादा घाला, ही मागणी दर दिवाळीला होते. खालची मर्यादा घाला, असं मात्र कुठल्या प्रवाशाने म्हटल्याचं ऐकिवात नाही. तरीही २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२ अशी सव्वादोन वर्षं देशांतर्गत विमानप्रवासाला ती मर्यादा होती. ठरावीक रकमेच्या खाली तिकीट विकायचंच नाही! स्वस्त आणि प्रीमियम विमानसेवेच्या चर्चेत हा काळ 'कोविडचा अपवाद' म्हणून बाजूला ठेवला जातो. माझ्या मते या चर्चेची किल्ली तिथेच आहे.

आधी एका शब्दाचा गुंता. 'लो-कॉस्ट' मधला कॉस्ट हा कंपनीचा खर्च असतो, प्रवाशाचं भाडं नव्हे. मराठीत त्याची 'स्वस्त विमानसेवा' झाली आणि खर्च नि भाडं यांची कायमची गल्लत झाली. खर्च कमी ठेवण्याचे मार्ग ठरलेले आहेत: एकाच जातीची विमानं, पुढचे ऐसपैस वर्ग काढून दाटीने बसवलेल्या १८० खुर्च्या, उतरल्यावर अर्ध्या तासात पुन्हा उड्डाण, खाणं विकत. युरोपात यात आणखी एक मार्ग होता, शहरापासून लांबच्या दुय्यम विमानतळावर उतरण्याचा. तो मुंबईत नव्हताच. नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला तो २५ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे वीस वर्षं जेवण देणारी आणि सँडविच विकणारी, दोन्ही विमानं त्याच धावपट्टीवर, तेच शुल्क भरून उतरत होती. इंधनही दोघांना त्याच भावाने. आपल्याकडे खर्चाचा जवळपास ४० टक्के भाग इंधनाचा, त्यावर राज्यांचा व्हॅट (मुंबई-पुण्यात तो २०२३ पर्यंत २५ टक्के होता, मग १८ वर आला), आणि विमानांच्या भाडेपट्ट्याचे हप्ते डॉलरमध्ये. कात्री चालवायला जागा उरते ती थोडीच.

१९५३ चं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण, १९९४ मध्ये त्याचा कायदा रद्द होणं, खासगी कंपन्यांची पहिली लाट, हे सगळं परिचित आहे. १९९४ पासून भाडी ठरवण्याची मुभा कंपन्यांना मिळाली, पण विमान नियम, १९३७ मधला नियम १३५ शाबूत राहिला. भाडं 'वाजवी' असावं, अवाजवी चढं नसावं आणि प्रतिस्पर्ध्याला संपवण्याइतकं पडेलही नसावं, असा त्याचा आशय. पडेल भाडं नेमकं किती रुपयांपासून सुरू होतं, हे त्यात लिहिलेलं नाही. हा मुद्दा पुढे येणार आहे.

ऑगस्ट २००३ मध्ये बंगळुरूहून हुबळीला एक छोटं एटीआर विमान उडालं आणि आपल्याकडचा स्वस्ताईचा काळ सुरू झाला. एक रुपयाचं तिकीट हे त्याच कंपनीचं. खिडकीवर मात्र दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागत, कारण विमानतळाचं शुल्क वेगळं होतं. तरी रेल्वेच्या एसी डब्यातला माणूस पहिल्यांदा विमानतळाचा रस्ता विचारू लागला तो तेव्हाच. २००५-०६ मध्ये आणखी तीन कंपन्या आल्या. त्यांतल्या एकीने तर पहिलं उड्डाण करण्याच्या वर्षभर आधी १०० विमानांची मागणी नोंदवली होती.

त्याच वेळी दक्षिणेत उलटा प्रयोग चालू होता आणि तो आज कुणाच्या फारसा लक्षात नाही. मदुराईच्या एका कापडउद्योगाने २००५ मध्ये सगळ्याच खुर्च्या बिझनेस क्लासच्या असलेली कंपनी काढली. विमानं साधारण सत्तर आसनांची, भाडं मात्र इतरांच्या इकॉनॉमीच्या जवळपास. हे जमलं कसं? ४० टनांखालच्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर फक्त ४ टक्के होता, आणि ८० पेक्षा कमी आसनांना लँडिंग शुल्क माफ. छोट्या शहरांसाठी दिलेल्या सवलतीवर बिझनेस क्लास चालला. २०१० मध्ये विमानं भाड्याने देणाऱ्यांशी वाद होऊन ती कंपनी जमिनीवर आली. त्याच दशकात अटलांटिकवर निव्वळ बिझनेस क्लासच्या तीन कंपन्या निघाल्या आणि डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत तिन्ही बुडाल्या. इंधन महागलं, मंदी आली, हे झालंच. शिवाय ज्याच्या विमानात मागे दोनशे इकॉनॉमीवाले बसलेले असतात, त्याला पुढच्या वीस खुर्च्या रिकाम्या गेल्या तरी उड्डाण रद्द करावं लागत नाही. निव्वळ प्रीमियमवाल्याकडे ही मागची बाजूच नव्हती.

आपल्याकडे नियमांनी स्वस्त आणि महाग यांची मोट बांधल्याचं ठळक उदाहरण २००७-०८ चं. डिसेंबर २००४ च्या नियमानुसार परदेशी उडण्यासाठी पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं लागत. एका झगमगीत प्रीमियम कंपनीकडे विमानं होती, वर्षं नव्हती. तिने २००३ मधली ती हुबळीवाली कंपनी घेतली. ऑगस्ट २००८ मध्ये पाच वर्षं भरली, सप्टेंबरमध्ये लंडनचं विमान सुटलं. स्वस्त भाग नवं नाव लावून काही वर्षं रेटला गेला, मग गुंडाळला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळंच थांबलं. पाच वर्षांची अट २०१६ मध्ये गेली.

आता २०२०. दोन महिने बंद असलेली देशांतर्गत उड्डाणं २५ मे रोजी सुरू झाली. क्षमता नेहमीच्या एकतृतीयांश. मार्ग उड्डाणाच्या वेळेप्रमाणे सात गटांत वाटले आणि प्रत्येक गटाला भाड्याची पट्टी दिली. ४० मिनिटांखालच्या उड्डाणाला २,००० ते ६,०००, दिल्ली-मुंबईला ३,५०० ते १०,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. ४० टक्के आसनं पट्टीच्या मध्याखाली विकायची, म्हणजे दिल्ली-मुंबईत पावणेसात हजारांच्या आत.

वरच्या रेघेचं कारण सरळ होतं: अडकलेल्या माणसाला लुबाडू नये. खालच्या रेघेचं कारण कंपन्यांच्या तब्येतीचं. ज्याच्या गाठीला रोकड आहे त्याने तिकिटं पाण्याच्या भावाने विकून दुबळ्याला संपवू नये. नियम १३५ मधला तो मोघम 'पडेल भाडं' इथे पहिल्यांदा सर्वांसाठी आकड्यात आला. युक्तिवाद पोकळ नव्हता. मागणी इतकी पडली होती की क्षमता एकतृतीयांश असूनही विमानं भरत नव्हती, आणि अशा वेळी भाड्याची घसरगुंडी कुठे थांबली असती ते सांगता येत नाही.

पण परिणाम पाहा. खर्च कमी ठेवणाऱ्या कंपनीचं एकमेव हत्यार म्हणजे कमी भाडं. तेच काढून घेतलं. दोन्ही प्रकारच्या कंपन्यांचा तळ एक झाला, की प्रवासी साहजिकच विचारणार: तेवढ्याच पैशात पाय पसरायला जागा कोण देतंय? (सुरुवातीला विमानात जेवण द्यायलाच बंदी होती, म्हणून ही स्पर्धाही अर्धवटच झाली.) बाजारात सर्वांत मोठा वाटा असलेल्या स्वस्त कंपनीने पट्ट्या काढा असं जाहीरपणे म्हटलं, ते काही प्रवाशांच्या प्रेमापोटी नव्हे.

मग तात्पुरता म्हणून आलेला तळ वर सरकू लागला. २०२१ मध्ये फेब्रुवारी, मार्च, जून आणि ऑगस्ट, चारदा वाढ. ४० मिनिटांच्या गटातले २,००० ऑगस्टअखेर २,९०० झाले होते. क्षमतेवरचं बंधन १८ ऑक्टोबर २०२१ ला पूर्ण उठलं. पट्ट्या त्यानंतरही दहा महिने राहिल्या. या दहा महिन्यांचं समर्थन मला कुठे पटेलसं सापडलेलं नाही.

त्यातलाही एक बारकावा महत्त्वाचा. सप्टेंबर २०२१ पासून पट्टी फक्त पुढच्या पंधरा दिवसांच्या प्रवासाला लागू झाली. त्यापलीकडचं तिकीट काढाल तर भाडं बाजाराचं. म्हणजे ज्याची सुट्टी महिनाभर आधी मंजूर होते त्याला तळ नाही, आणि गावाकडून अचानक फोन आला म्हणून निघालेल्याला तळ आहे. स्वस्ताई आधी ठरवून निघणाऱ्याची झाली. ती थोडीफार तशीच होती म्हणा, पण आता ते सरकारी आदेशातच आलं.

याच्या आधीचा सरकारी प्रयोग छोटी शहरं विमानाने जोडणाऱ्या 'उडान' योजनेचा, ऑक्टोबर २०१६ चा. तिथे तळ नव्हता, छत होतं: सुमारे तासाभराच्या उड्डाणाला निम्मी आसनं २,५०० रुपयांत, तोट्याची भरपाई तीन वर्षं, आणि त्यासाठीचा निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून. थोडक्यात, दिल्ली-मुंबईवाला नांदेड-हैदराबादवाल्याचं तिकीट भरत होता. २०२३ च्या लेखापरीक्षणात योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांतल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच न झाल्याचं दिसलं. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि भरपाई संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तगले ते ५४. नाशिक आणि जळगावहून मुंबईला येणाऱ्या विमानांची अडचण आणखी वेगळी: मुंबईत उतरायला स्लॉट, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, मिळेना. १८० जणांच्या विमानाला लागतो तोच स्लॉट १९ जणांच्या विमानाला लागतो, आणि मुंबईत तो सोन्याचा.

पट्ट्या उठल्या आणि मे २०२३ मध्ये स्वस्त कंपन्यांपैकी एक बंद पडली. तिने दोष इंजिनांच्या तुटवड्याला दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेवणावळीसाठी नावाजलेली एक प्रीमियम कंपनी, खासगी झालेल्या जुन्या राष्ट्रीय कंपनीत विलीन झाली. त्याच महिन्यात बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या स्वस्त कंपनीने दिल्ली-मुंबईवर बिझनेस क्लास सुरू केला. सप्टेंबर २०२५ मध्ये इकॉनॉमीवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर राहिला, त्यावरच्या वर्गांचा १२ वरून १८ झाला.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी नसल्याने याच साठ टक्केवाल्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि उरलेल्या विमानांची भाडी आकाशाला भिडली. ६ डिसेंबरला छत पुन्हा आलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. या वेळी खालची रेघ नव्हती. 'उडान' ची उड्डाणं वगळली होती, आणि बिझनेस क्लासही.