पोलार्ड, फ्रिट्झ
(२७ जानेवारी १८९४–११ मे १९८६). अमेरिकन फुटबॉलमधील सुरुवातीच्या व्यावसायिक खेळाडूंपैकी एक आणि आज नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेतील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. (हा लंबगोल चेंडू हातात धरून धावण्याचा खेळ; आपल्याकडच्या फुटबॉलहून तो अगदी वेगळा.) जन्म शिकागोच्या रॉजर्स पार्क भागात. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यावरून त्यांचे नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड असे ठेवले होते.

ब्राउन विद्यापीठाकडून खेळताना १ जानेवारी १९१६ रोजी ते रोझ बोल या महाविद्यालयीन संघांच्या मानाच्या सामन्यात उतरले. या सामन्यात खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय. वॉशिंग्टन स्टेटने तो सामना १४–० असा जिंकला, पण त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात ब्राउनने येल आणि हार्वर्ड या दोन्ही बलाढ्य संघांना हरवले. त्यात पोलार्ड यांचा मोठा वाटा होता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, ते ओहायोतील अ‍ॅक्रनच्या संघात आले. उंची जेमतेम पावणेसहा फूट; अंगापिंडाने ते प्रतिस्पर्ध्यांपुढे लहानच. त्यांची सारी भिस्त वेगावर आणि ऐन वेळी दिशा बदलण्यावर होती. खाली पडल्यावर मुद्दाम अंगावर उड्या टाकणाऱ्यांपासून वाचण्यासाठी ते झटकन पाठीवर वळून पाय वर धरत. ही युक्ती त्यांना का शोधावी लागली, यातच त्या मैदानांचे चित्र दिसते. प्रेक्षकांच्या शिव्या तर नेहमीच्याच होत्या.

१९२० मध्ये नवी व्यावसायिक संघटना (आजची एनएफएल) स्थापन झाली आणि अ‍ॅक्रनने एकही सामना न गमावता तिचे पहिले विजेतेपद मिळवले : ८ विजय, ३ बरोबरी. पुढच्या वर्षी पोलार्ड खेळत असतानाच एल्गी टोबिन यांच्यासह संघाचे प्रशिक्षकही झाले. गायक-अभिनेते म्हणून पुढे जगभर गाजलेले पॉल रोबसन त्या वर्षी याच संघात होते. नंतर मिलवॉकी, हॅमंड, प्रॉव्हिडन्स आणि पुन्हा अ‍ॅक्रन असे करत १९२६ मध्ये पोलार्ड यांची लीगमधील कारकीर्द संपली.

१९३३ च्या हंगामानंतर १९४६ पर्यंत लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा मिळाली नाही. बंदीचा लेखी नियम नव्हता. तशी गरजच पडली नाही. या काळात पोलार्ड यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ब्राउन बॉम्बर्स हा कृष्णवर्णीयांचा संघ सांभाळला. लीगमध्ये पुढचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, १९८९ मध्ये आला. तोवर पोलार्ड यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

त्यांचे पुत्र फ्रिट्झ पोलार्ड धाकटे यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. पोलार्ड यांची महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात १९५४ मध्येच निवड झाली. व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात मात्र मृत्यूनंतर १९ वर्षांनी, २००५ मध्ये. प्रशिक्षकांच्या नेमणुकीत वर्णभेद होऊ नये यासाठी झटणारी ‘फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स’ ही संस्था त्याआधी दोन वर्षे स्थापन झाली होती.